वाचकांचे प्रश्न : जेनिफर हिग्डन यांची कारकीर्द

मागच्या अंकात व्हायोलिनवादक हिलरी हान यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहिताना अमेरिकन संगीतरचनाकार जेनिफर हिग्डन यांच्या व्हायोलिन कॉन्चर्टोचा (कॉन्चर्टो म्हणजे सहसा एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ओझरता उल्लेख आला होता. तेवढ्यावरून बरीच पत्रे आली. त्यांतले प्रश्न इतके नेमके आहेत, की या वेळचे सदर हिग्डन यांच्या कारकिर्दीलाच द्यावे असे ठरवले. पत्रे लांब होती. प्रश्नांचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ती हार्मोनियम चांगली वाजवते, पण अलीकडे तिला पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी संगीत लिहावे असे वाटू लागले आहे. तिचे एक शिक्षक म्हणतात, की या क्षेत्रात चार-पाच वर्षांच्या वयात सुरुवात झाली नाही, तर पुढे काही होत नाही. हे खरे आहे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : व्हायोलिन किंवा पियानोचे एकल वादक होण्याबाबत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण तिथे बोटांना आणि मनगटाला लहान वयातच वळण लागावे लागते. रचनाकार होण्याबाबत मात्र ते खरे नाही आणि हिग्डन यांचे उदाहरण त्याला चांगले उत्तर आहे.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. बालपणाची वर्षे अटलांटात गेली आणि नंतर कुटुंब पूर्व टेनेसीमधल्या सिमोर या लहानशा गावी राहायला आले. वडील चित्रकार होते, घरी बसून जाहिरातींसाठी चित्रे काढत. घरात चित्रे होती, प्रायोगिक चित्रपटांची चर्चा होती, बीटल्सच्या तबकड्या सतत वाजत होत्या. अभिजात संगीत मात्र जवळजवळ नव्हतेच. पंधराव्या वर्षी त्या घरात पडून असलेली फ्लूट हातात घेऊन पुस्तकावरून आपली आपण शिकू लागल्या. रीतसर शिक्षण अठराव्या वर्षी सुरू झाले आणि पहिली रचना एकविसाव्या वर्षी झाली. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीत त्या फ्लूटवादनाची पदवी घेण्यासाठी गेल्या होत्या. त्यांच्या फ्लूटच्या शिक्षिका ज्युडिथ बेंटली यांनी त्यांना रचनेकडे वळवले.

उशिरा येण्याची किंमत त्यांनी चुकती केली, हेही मुलीला सांगावे. बरोबरीची मुले ज्या सिंफन्या ऐकत मोठी झाली होती, त्या हिग्डन पहिल्यांदा ऐकत होत्या. स्वरशास्त्र, कानाची तयारी, स्वरलिपी वाचण्याचा वेग, सगळे मागून येऊन भरून काढावे लागले. त्यानंतर फिलाडेल्फियातल्या कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये डेव्हिड लोब आणि नेड रोरेम यांच्याकडे शिक्षण, मग युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात जॉर्ज क्रम यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. आणि १९९४ साली डॉक्टरेट. फ्लूट हाती घेतल्यापासून डॉक्टरेटपर्यंत सोळा-सतरा वर्षे गेली, आणि ज्या ‘ब्लू कॅथीड्रल’ या रचनेने त्यांचे नाव देशभर पोचवले ती सादर झाली तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. म्हणजे सुरुवात उशिरा झाली तरी चालते, पण पुढची वर्षे कमी होत नाहीत.

या उशिराचा एक फायदाही झाला असे मला त्यांचे संगीत ऐकताना वाटते. जुन्या थोर रचनांचे दडपण मनावर बसण्याआधीच त्यांचा कान नव्या आवाजांशी सलगी करून मोकळा झाला होता. विसाव्या शतकातले संगीत आपल्याला जुन्यापेक्षा जवळचे वाटले, असे त्यांनी स्वतःही सांगितले आहे. तुमच्या मुलीने हार्मोनियम सोडू नये. त्याच्या जोडीला स्वरलिपी वाचणे-लिहिणे मन लावून शिकावे आणि शक्य तिथे इतर वाद्ये वाजवणाऱ्यांच्या सोबतीत बसावे. वाद्य जवळून पाहिल्याशिवाय त्यासाठी लिहिता येत नाही.

प्रश्न : अमेरिकेत राहूनही हे कोडे मला सुटलेले नाही, की सिंफनी लिहून माणसाचे पोट कसे भरते? ध्वनिमुद्रणे कोणी विकत घेत नाही, आणि मैफलींत तर बेथोव्हन आणि ब्राम्सच वाजतात. (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : बहुतेकांचे पोट केवळ त्यावर भरत नाही, म्हणूनच अमेरिकेतले अनेक रचनाकार प्राध्यापकही असतात. हिग्डन १९९४ पासून २०२१ पर्यंत कर्टिसमध्ये शिकवत होत्या आणि तिथल्या रचनाविभागाचे मिल्टन रॉक अध्यासन त्यांच्याकडे होते.

पगाराखेरीज पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट कमिशनची, म्हणजे एखादा वाद्यवृंद ठरावीक रक्कम देऊन नवी रचना लिहून घेतो. मोठ्या रचनेचा भार अनेकदा एकापेक्षा जास्त संस्था मिळून उचलतात. हिग्डन यांच्या व्हायोलिन कॉन्चर्टोसाठी इंडियानापोलिस, टोरांटो आणि बाल्टिमोर यांचे वाद्यवृंद आणि कर्टिस इन्स्टिट्यूट असे एकत्र आले होते. दुसरी वाट स्वरलिपीच्या भाड्याची. वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्यापुरती वेगळी वही असते. सत्तर-ऐंशी वादकांचा हा सगळा संच वाद्यवृंद सहसा विकत घेत नाहीत, तर प्रत्येक मैफलीसाठी प्रकाशकाकडून भाड्याने आणतात. तिसरी वाट प्रयोगाच्या स्वामित्वधनाची, ते वसूल करायला आस्कॅप आणि बीएमआय यांसारख्या संस्था आहेत.

रूढ पद्धतीत भाड्याचा मोठा हिस्सा आणि स्वामित्वधनाचा साधारण निम्मा भाग प्रकाशकाकडे जातो. मोठ्या प्रकाशकाचे नाव पाठीशी असणे हीच प्रतिष्ठा मानली जात असतानाच्या काळात हिग्डन यांनी आपले हक्क कोणालाही दिले नाहीत. त्यांच्या रचना लॉडन प्रेस या त्यांच्या स्वतःच्या प्रकाशनातून निघतात आणि ते काम त्यांच्या जोडीदार शेरिल लॉसन पाहतात. यात कष्ट अफाट आहेत. छपाई, बांधणी, टपाल, एखाद्या दुय्यम व्हायोलिनच्या वहीत चुकलेली खूण दुरुस्त करून पुन्हा पाठवणे, हे सगळे घरचेच काम होऊन बसते. पण शाळा-कॉलेजचा वाद्यवृंद असो की न्यूयॉर्कचा, स्वरलिपी कोणाला, किती लवकर आणि कोणत्या दराने द्यायची हे ठरवणारे दुसरे कोणी नसते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच होता, आणि त्याबद्दल संगीताच्या मासिकांत फार कमी लिहिले जाते.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. अमेरिकेत नव्या रचनेचा पहिला प्रयोग मिळवणे एक वेळ सोपे, कारण नवे काहीतरी प्रथमच सादर केल्याचे श्रेय वाद्यवृंदाला हवे असते. दुसरा प्रयोग मिळवणे मात्र महाकर्मकठीण. पुष्कळ रचना एका आठवड्यात जन्मतात आणि त्याच आठवड्यात संपतात. हिग्डन यांच्या बाबतीत हे टळले, त्यामागे एक योगही होता. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या शताब्दीनिमित्त लिहवून घेतलेला त्यांचा ‘कॉन्चर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ जून २००२ मध्ये वोल्फगांग सावालिश यांच्या संचालनाखाली, नुकत्याच उघडलेल्या किमेल सेंटरमध्ये पहिल्यांदा वाजला. त्याच सुमारास देशभरातल्या वाद्यवृंदांच्या संघटनेचे अधिवेशन त्याच शहरात भरले होते, त्यामुळे श्रोत्यांत ठिकठिकाणचे व्यवस्थापक आणि संचालक बसलेले होते. ज्यांनी पुढच्या हंगामाचे कार्यक्रम ठरवायचे, तेच समोर. पस्तीसेक मिनिटांच्या त्या रचनेत वाद्यवृंदाचा एकेक विभाग उजेडात आणलेला आहे: एक भाग केवळ तंतुवाद्यांचा, एकात तालवाद्ये पुढे. वादकांना असे लिहिलेले आवडते, आणि वादकांना आवडलेली रचना पुन्हा वाजते. योग आला हे खरे, पण तो पेलायला हातात तयार रचना होती हेही तितकेच खरे.

प्रश्न : आपल्याकडे बंदिश बांधण्याचे कसब गुरूच्या सहवासात आपोआप मुरते. संगीतरचना वर्गात शिकवता येते का? प्राध्यापक नेमके काय शिकवतात? (संगीतशिक्षिका, पणजी)

उत्तर : कर्टिससारख्या संस्थेत जे चालते ते वर्गापेक्षा सहवासाच्याच जवळचे आहे. १९२४ साली मेरी लुईझ कर्टिस बोक यांनी स्थापन केलेली ही संस्था मुद्दाम लहान ठेवलेली आहे आणि रचनेचे विद्यार्थी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दर आठवड्याला शिक्षक आणि एकच विद्यार्थी समोरासमोर बसतात, मध्ये अर्धवट लिहिलेली स्वरलिपी असते.

सुचणे शिकवता येत नाही, असे तुम्ही म्हणालात तर मी मान्य करेन. पण सुचलेले कागदावर असे उतरवणे, की ते अनोळखी वादकाने दोन-तीन तालमींत नीट वाजवावे, हे शिकवता येते, आणि त्यात शिक्षकाचा बराच वेळ जातो. क्लॅरिनेटला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे का? व्हायोलिनचा गज या ठिकाणी वर असेल की खाली? खालच्या पट्टीत फ्लूटला लिहिलेली नाजूक ओळ पितळी वाद्यांच्या आवाजाखाली दडपून जाणार नाही ना? पान जिथे संपते तिथे वादकाचा एक हात मोकळा आहे का, की ऐन चपळ जागेत त्याला पान उलटावे लागणार? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण तालमीत दर मिनिटाला पैसे मोजावे लागतात आणि अस्पष्ट लिहिलेल्या स्वरलिपीचा राग वादक रचनेवर काढतात. कर्टिसमध्ये विद्यार्थ्याचे लिखाण वाजवायला उत्तम सहविद्यार्थी हाताशी असतात, त्यामुळे लिहिलेले आणि ऐकू आलेले यांतले अंतर ताबडतोब कळते.

शिकवण्यातून हिग्डन यांना मिळालेही पुष्कळ. विसाव्या शतकातील संगीतावरच्या त्यांच्या वर्गात हिलरी हान ही किशोरवयीन विद्यार्थिनी बसत असे. पुढे हान जगभर वाजवू लागल्या, आणि त्याच विद्यार्थिनीसाठी शिक्षिकेने व्हायोलिन कॉन्चर्टो लिहिला. ६ फेब्रुवारी २००९ रोजी मारिओ वेन्झागो यांच्या संचालनाखाली इंडियानापोलिसला तो प्रथम सादर झाला. त्याच्या पहिल्या भागाला ‘१७२६’ असे नाव आहे. कर्टिसची इमारत फिलाडेल्फियाच्या लोकस्ट स्ट्रीटवर आहे आणि तिचा क्रमांक १७२६ आहे. रचनाकार आणि वादक दोघींची ओळख त्या दारातून झाली. पण हिग्डन तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एक, सात, दोन, सहा हे आकडे त्यांनी स्वरांतरे, म्हणजे दोन स्वरांमधली अंतरे, म्हणून घेतले: एकाच स्वराची जुळणी, सातव्याचे लांब अंतर, दुसऱ्याचे खेटून असलेले अंतर आणि सहाव्याचे मोकळे अंतर यांतून त्या भागाचे बरेचसे काम उभे राहिले आहे. सुरुवातीला व्हायोलिनचे अतिशय उंच, पातळ स्वर येतात आणि त्यांच्या मागे तालवादक धातूच्या पट्ट्यांवर चक्क विणकामाच्या सुयांनी वाजवतात. ही गोष्ट माहीत नसताना ऐकले तरी तो काचेसारखा चमकणारा आवाज कशाचा, असा प्रश्न पडतो.

प्रश्न : संगीताचे पुलित्झर मिळवणाऱ्या हिग्डन या पहिल्या महिला का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. पहिल्या महिला एलन टाफ झ्विलिक, १९८३ साली. त्यांच्यानंतर १९९१ मध्ये शुलामित रान आणि १९९९ मध्ये मेलिंडा वॅगनर यांना ते मिळाले. हिग्डन यांना ते व्हायोलिन कॉन्चर्टोसाठी २०१० मध्ये मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या पर्कशन (तालवाद्यांच्या) कॉन्चर्टोला ग्रॅमी मिळाले, आणि पुढे २०१८ मध्ये व्हायोला कॉन्चर्टोला व २०२० मध्ये हार्प कॉन्चर्टोला ग्रॅमी मिळाले.

प्रश्न : मी यांच्या काही रचना ऐकल्या. ऐकायला गोड आहेत, पण आधुनिक म्हणावे असे त्यांत काय आहे? प्राध्यापकाचे संगीत इतके सोपे असावे का? (निवृत्त प्राध्यापक, पुणे)

उत्तर : तुमच्या प्रश्नामागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांनी रचनाकारांना आश्रय दिला आणि त्यातून असा एक काळ आला, की संगीतरचना हे गणितासारखे किंवा भौतिकशास्त्रासारखे संशोधन आहे, सर्वसाधारण श्रोत्याला ते कळावे ही अपेक्षाच चुकीची, असे प्रतिपादन होऊ लागले. प्रिन्स्टनचे मिल्टन बॅबिट यांनी १९५८ साली ही भूमिका एका लेखात तर्कशुद्धपणे मांडली होती. त्या वातावरणात श्रोत्याचा विचार करणे म्हणजे तडजोड, असा समज दोन पिढ्या टिकला. हिग्डन यांचे स्वतःचे गुरू त्या पंथातले नव्हते: रोरेम आयुष्यभर गेय गीते लिहीत राहिले, आणि क्रम यांनी वाद्यांच्या अनोख्या नादांतून आपले वेगळेच जग उभारले.

हिग्डन यांच्या संगीतात स्वरांचे केंद्र जाणवते, पण ते जुन्या नियमांनी बांधलेले नसते. ते वारंवार सरकते आणि त्या सरकण्यातच त्यांच्या संगीताची गती आहे. त्यांची खरी आधुनिकता मला नादांच्या निवडीत दिसते. पर्कशन कॉन्चर्टो तालवाद्यांचा म्हटल्यावर धडाक्याची अपेक्षा असते. तो सुरू होतो मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या अगदी हळू गुणगुणण्याने, आणि एकल वादकाला प्रतिसाद मागच्या रांगेतल्या तालवादकांकडून मिळतो. दोन्हींमधला हा संवाद पुढे वाढत जातो.

तुमचा आक्षेप पूर्ण डावलावा असेही मला वाटत नाही. त्यांच्या जलद भागांत कधीकधी वेग आणि झगमगाट यांचेच राज्य होते, आणि दोन वेगळ्या कॉन्चर्टोंचे शेवट मनात एकमेकांत मिसळतात. व्हायोलिन कॉन्चर्टोचा ‘फ्लाय फॉरवर्ड’ हा तिसरा भाग मला पहिल्या दोहोंइतका धरून ठेवत नाही. संथ भागांत मात्र त्या अशा ठिकाणी पोचतात, जिथे सोपे की अवघड हा प्रश्नच उरत नाही. ‘चकोनी’ हा त्याच कॉन्चर्टोचा दुसरा भाग एकदा निवांत ऐकावा, ही विनंती. प्राध्यापकाचे संगीत कठीणच असले पाहिजे, हे मला पटत नाही.

प्रश्न : पाश्चात्त्य संगीताची काहीच ओळख नाही. हिग्डन यांचे काय ऐकून सुरुवात करावी, आणि ऐकताना कशाकडे लक्ष द्यावे? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘ब्लू कॅथीड्रल’पासून करावी. बारा-तेरा मिनिटांची ही रचना कर्टिसच्या पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त मागवली गेली आणि २००० साली रॉबर्ट स्पानो यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडून ती सादर केली. हे स्पानो म्हणजे बोलिंग ग्रीनमध्ये हिग्डन यांना वाद्यवृंदसंचालन शिकवणारे शिक्षक. पुढे अटलांटाचा वाद्यवृंद त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी तिचे ध्वनिमुद्रणही केले. आजवर ती सहाशेहून अधिक वेळा वाजली आहे. हयात रचनाकाराच्या बाबतीत हा आकडा विरळा.

ती लिहिण्याआधी, १९९८ मध्ये, हिग्डन यांचा धाकटा भाऊ अँड्र्यू ब्लू कर्करोगाने वारला होता. भाऊ क्लॅरिनेट वाजवत असे, बहीण फ्लूट. एवढे लक्षात ठेवून ऐकावे. सुरुवातीला धातूच्या वाद्यांचे बारीक ठिपके आणि त्यांच्याखाली दबलेल्या आवाजातली तंतुवाद्ये येतात. त्यातून आधी फ्लूट येते, कारण बहीण वयाने मोठी, मग क्लॅरिनेट. दोघांचे थोडा वेळ बोलणे होते. मध्ये संगीत चढत जाते, पितळी वाद्ये पूर्ण भरात येतात, इतकी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इथेच शेवट होणार असे वाटते. ते ओसरल्यावर फ्लूट आणि क्लॅरिनेट पुन्हा भेटतात. या वेळी फ्लूट आधी थांबते आणि क्लॅरिनेट एकटेच वर वर जात राहते. शेवटाकडे बरेच वादक आपापली वाद्ये बाजूला ठेवून पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवतात, कोणी लहान चिनी घंटा हलवतात. हा भाग ध्वनिमुद्रणात फार हळू ऐकू येतो. चांगला हेडफोन असेल तर वापरावा.

त्यानंतर व्हायोलिन कॉन्चर्टो, मग पर्कशन कॉन्चर्टो ऐकावा. गायन जवळचे वाटत असेल, तर १ ऑगस्ट २०१५ रोजी सांता फे ऑपेराने रंगमंचावर आणलेले ‘कोल्ड माउंटन’ आहे. चार्ल्स फ्रेझियर यांच्या कादंबरीवरून जीन शीर यांनी त्याची संहिता लिहिली. अमेरिकेच्या यादवी युद्धातून पळून घराकडे चालत निघालेल्या सैनिकाची ती कथा नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत घडते, आणि हिग्डन वाढल्या त्या टेनेसीच्या बाजूलाच हे डोंगर आहेत. तिथल्या लोकांचे बोलण्याचे हेल त्यांच्या कानात लहानपणापासून होते. गाण्याच्या ओळींत ते उतरले आहेत.

प्रश्न : कर्टिसमध्ये भारतीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळू शकतो का? खर्च किती? (विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : मिळू शकतो. १९२८ पासून तिथे कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याकडून शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र करावा लागतो. रचनाविभागासाठी स्वतःच्या रचनांच्या स्वरलिप्या आणि शक्य तिथे ध्वनिमुद्रणे पाठवावी लागतात. जागा अत्यंत कमी असतात, म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नये. हिग्डन यांच्याकडे शिकण्याच्या ओढीने अर्ज करणार असाल, तर त्यांनी २०२१ मध्ये तिथले अध्यापन सोडले आहे हे लक्षात घ्यावे. पाठवायच्या रचनांपैकी निदान एक तरी खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेली असावी. संगणकाने वाजवलेल्या आवाजात श्वास कुठे संपतो हे कळत नाही.